प्रकृतीस्वास्थ्यासाठी, भर उन्हात

महाराष्ट्रात दारू प्यायला आजही सरकारी परवाना लागतो. दारूबंदी कायदा १९४९चा; त्याच्या लेखी तुम्ही पिता ते मजेसाठी नव्हे, प्रकृती राखण्यासाठी. एक दिवसाच्या परवान्याला ५ रुपये. देशीसाठी मात्र २, कारण गरिबाची प्रकृती स्वस्तात राखली जाते. पूर्वी या उपचारांची जागाही तशीच असे. परमिट रूममध्ये अंधार, पडदे, कुजबुज, आणि बाहेर पडताना डावीउजवीकडे एक चोरटी नजर.

२००९ साली पुण्यात डूलाली नावाच्या मायक्रोब्रुअरीने जागच्या जागी बिअर बनवायला घेतली आणि उपचार हळूहळू उजेडात आले. आता रविवारच्या टळटळीत दुपारी लोक सहकुटुंब जातात. आमच्या साडूंनी आम्हालाही मुंढव्याकडच्या अशाच एका अवाढव्य ठिकाणी नेलं. एका वेळी दोन लग्नं लागावीत एवढं आवार, काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, बाबागाड्या, एक लॅब्रॅडॉर आणि आमच्या सासूबाई.

जुना पिणारा प्यायल्यावर बोलायचा. हा नवा आधीच बोलतो. लाकडी फळीवर चिमुकले पेले आले, तसा साडूंनी एकेक उन्हात धरला, फिरवला, हुंगला आणि सुरू झाले. म्हणे, १५१६ साली बव्हेरियात कायदा झाला, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बास! यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. (सगळं काम ज्याचं, त्याचं नाव कागदावर नसणं ही पद्धत फक्त आपल्या हापिसांतली नाही तर.) मग इंडिया पेल एल. इंग्लंडहून हिंदुस्थानात बोटीने यायला महिने लागत, बिअर टिकावी म्हणून हॉप्स सढळ हाताने घालत, म्हणून ती कडू. आज ती मुंढव्यात बनते, टेबलापर्यंत वीस पावलं प्रवास करते, आणि तरी तितकीच कडू. पाडव्याला कडुनिंबाचं एक पान चघळताना तोंड वाकडं करणारे साडू तो कडवटपणा डोळे मिटून घोळवत होते.

पुढचा पेला गव्हाच्या बिअरचा. "यात कॅरॅमल जाणवतंय," साडू म्हणाले. त्यांनी चाखण्याचं शिबिर केलेलं आहे.

सासूबाईंनी पेला ओढून नुसता वास घेतला. "लवंग आहे. आणि केळं. शिकरण उरलं होतं का यांचं?"

साडू समजुतीने हसले. पण वेटर चपापला. म्हणाला, "आंटी, बरोबर! दोन्ही घालत नाही, यीस्टमुळेच तसा वास येतो."

"न घालता? मग पैसे कशाचे?"

यावर वेटरकडे उत्तर नव्हतं. त्याने पुढचा पेला साडूंना वळसा घालून थेट सासूबाईंसमोर ठेवला. काळीकुट्ट स्टाऊट. साडूंनी ओठ उघडले, पण उशीर झाला होता.

"करपलंय," सासूबाई म्हणाल्या.

तेही खरंच होतं. स्टाऊटसाठी जव मुद्दाम काळे होईपर्यंत भाजतात. वेटरने हे सांगितलं, सासूबाईंनी किंमत विचारली, आणि आकडा ऐकून त्या बराच वेळ शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे बघत राहिल्या. "चाळीस वर्षं नावं ठेवलीत माझ्या वांग्यांना!"