पाय बघा, पाय!

मुष्टियुद्ध चालू असताना सगळे खुर्चीवरून अर्धे उठलेले असतात, तेव्हा हाताची घडी घालून मान डोलावणारा तो माणूस तुमच्या ओळखीचा आहेच. सम यायच्या आधीच ‘क्या बात है’ म्हणून मोकळा होणाऱ्या श्रोत्याच्या जातकुळीतला. जबड्यावर बसलेल्या ठोशाचं याला सोयरसुतक नाही. कानाजवळून हवेत गेलेल्या ठोशावर मात्र हा जीव ओवाळून टाकतो. लोक हातांकडे बघतात आणि हा ओरडतो, ‘‘पाय बघा, पाय!’’ कॅमेरा कमरेच्या वर असला, पाय दिसतच नसले, तरी आग्रह तोच.

याचा छळ खरा असा, की मुद्दा बहुतेक वेळा याचाच बरोबर असतो. 2 मे 2015 ला लास व्हेगासमध्ये मेवेदर आणि पॅकियाओ भिडले. जवळजवळ 100 डॉलर मोजून अमेरिकेतल्या 46 लाख घरांनी ही लढत विकत घेतली. मेवेदरने डावा हात कमरेशी ठेवला आणि खांदा हनुवटीला चिकटवला. ठोसा आला की खांदा किंचित वळवायचा, ठोसा त्यावरून घसरला की उजव्या हाताने उत्तर द्यायचं. बारा राऊंड झाले, कुणी पडलं नाही आणि जिंकलेल्या मेवेदरचीच हुर्यो उडाली. ‘नुसता पळाला’ हा आरोप आकड्यांपुढे टिकत नाही: मेवेदरने 435 ठोसे फेकले, 148 लागले, पॅकियाओचे 429 पैकी 81. पळणाऱ्याने पाठलाग करणाऱ्यापेक्षा जास्त मारले. शिवाय गुण देताना पंचांनी बचावही धरायचा असतो. पण हे सगळं हा माणूस प्रत्येक राऊंडनंतर सांगतो, आणि वर पाय आहेतच.

‘पैसे मारामारीचे दिले होते’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. एप्रिल 2013 मध्ये न्यूयॉर्कला क्यूबाच्या रिगोंदोने त्या काळच्या लाडक्या नोनितो दोनेरला निष्प्रभ केलं, तेव्हा त्याच्याच लढती भरवणाऱ्या बॉब ॲरमने, याला टीव्हीवर विकणं कठीण आहे म्हणून जाहीर कुरकुर केली. आमच्या रसिकाला मात्र असे हुतात्मे फार आवडतात. गर्दीला कळत नाही, यातच त्याची निम्मी मिजास. म्हणून अर्जेंटिनाच्या निकोलिनो लोचेचं नाव तो जरा बेतानेच काढतो. हात पाठीमागे धरून तोंड पुढे करायचं आणि ठोसे हुकवायचे, असा लोचेचा खाक्या. 117 विजय, त्यांत नॉकआऊट फक्त 14, तरी ब्युनोस आयर्सचं लुना पार्क त्याच्यासाठी भरायचं. डिसेंबर 1968 मध्ये टोकियोला विश्वविजेता पॉल फुजी हवेला मारून मारून थकला, सुजल्या चेहऱ्याने स्टुलावर बसला आणि दहाव्या राऊंडला उठलाच नाही. म्हणजे गर्दीला बचाव कळतो. चुकवणाऱ्याने तिला गमतीत सामील करून घ्यायला हवं, मेवेदरने ते कधी केलं नाही. पण हजारो लोक आपणहून हसायला लागले, तर ‘पाय बघा’ म्हणायला हा उरला कशाला?

त्यापेक्षा त्याला विली पेप सोयीचा. 1946 साली मिनियापोलिसला पेपने एकही ठोसा न मारता एक राऊंड जिंकला, अशी आख्यायिका आहे. त्या वेळच्या बातम्या चाळणाऱ्यांना तिच्यात तथ्य आढळलं नाही. याला ते ठाऊक आहे. तरी सांगतो, आणि सांगताना स्वतःच्याच खुर्चीखाली पाय हलवतो.

एवढं मात्र नाइलाजाने कबूल करायला हवं, की या धंद्यातला हाच एक गिऱ्हाईक असा, ज्याचा आनंद दुसऱ्याचं डोकं हादरण्यावर अवलंबून नाही. मग तलवारबाजी का बघत नाही? कारण धोका त्यालाही हवाच असतो, फक्त तो हुकलेला हवा असतो. विल्फ्रेद बेनितेझ 17 व्या वर्षी विश्वविजेता झाला. त्याला ‘रडार’ म्हणत. 1982 मध्ये त्याने रॉबर्तो दुरानला कसं खेळवलं, ते हा तासभर सांगेल. पुढे त्याच बेनितेझचा मेंदू ठोशांनी कायमचा अधू झाला, हे विचारलं की ‘‘तेव्हा पाय गेले होते त्याचे’’ एवढंच म्हणतो. खेळाच्या हिशेबात ते चूकही नाही: चुकवण्याची चपळाई आधी जाते, मार खायची तयारी मागे राहते, आणि बेनितेझ 1990 पर्यंत रिंगमध्ये उतरतच राहिला.