नाना स्क्रीन शोधताहेत

बाजार सव्वानऊला उघडतो, पण नाना नऊलाच खुर्चीत असतात. आंघोळ, पूजा, चहा, दोन पोळ्या, सगळं उरकलेलं. डोंबिवलीतल्या त्यांच्या हॉलमध्ये, मुलाच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर, नानांचा 'सेटअप' आहे. म्हणजे एक लॅपटॉप आहे आणि त्याच्या उजवीकडे दोन फूट मोकळी जागा आहे. काकूंनी एकदा तिथे मेथी निवडायला घेतली, तर नाना कळवळून म्हणाले, "अगं, तिथे स्क्रीन यायचीय!"

ही स्क्रीन गेली दिवाळी, गुढीपाडवा आणि गणपती धरून अजून यायचीच आहे.

नाना कंपनीत अकाउंट्सला होते. व्हीआरएस घेऊन घरी बसले आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये ज्यांनी डिमॅट खातं उघडलं त्या अफाट गर्दीत सामील झाले. असे नाना आता प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतातच. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. "काय नाना, कसं चाललंय?" असं विचारलं की नफा-तोटा सांगणार नाहीत. म्हणतील, "अहो, दिसतच नाही हो नीट."

आणि ते खोटंही नाही. लॅपटॉपची स्क्रीन पंधरा इंची. त्यावर नाना चार्ट लावतात, चार्टवर बोलिंजर बँड, सुपरट्रेंड आणि व्हीवॅप, खाली आरएसआय, त्याच्याखाली एमएसीडी, बाजूला वॉचलिस्ट, कोपऱ्यात बिझनेस चॅनेल. या सगळ्यात भाव दाखवणारी मूळ कँडल भरल्या लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी अर्धी आत, अर्धी बाहेर असते. यावर दोन उपाय आहेत. दोन-तीन इंडिकेटर काढून टाकायचे, किंवा मोठा मॉनिटर घ्यायचा. पहिला उपाय फुकट असल्यामुळे नानांच्या मनात आला नाही.

मनात भरला तो व्हिडिओत दिसणारा माणूस. काळा टीशर्ट, पाठीमागे निळा उजेड आणि समोर सहा स्क्रीन. त्या माणसाची कमाई सहा स्क्रीनमधून येते की त्याच्या क्लासच्या फीमधून, हा प्रश्न काकूंनी विचारला. नानांनी आवाज वाढवला. व्हिडिओचा.

पण अभ्यास म्हणाल तर नानांसारखा अभ्यास कोणी करणार नाही, हे मान्य केलं पाहिजे. बजेट ठरलं दहा हजार. मग त्यांनी शाळेनंतर पहिल्यांदाच पायथागोरसला कामाला लावलं. फुल एचडी म्हणजे 1920 आडवे आणि 1080 उभे ठिपके. त्यांचा कर्ण काढायचा आणि इंचांनी भागायचं. 24 इंचात दर इंचाला 92 ठिपके येतात, 27 इंचात तेच ठिपके ताणून 82 होतात. म्हणजे 27 इंची फुल एचडीत चार्ट तेवढाच मावतो, फक्त अक्षरं जाड आणि जरा फाटल्यासारखी दिसतात. जास्त चार्ट मावायला हवे असतील तर 27 इंचात 2560 बाय 1440 घ्यावा लागतो, आणि तो नानांच्या दहा हजारांत बसत नव्हता. मेव्हण्यांनी माळ्यावरचा 32 इंची टीव्ही देऊ केला होता. नानांनी हिशेब केला. एचडी रेडी, 1366 बाय 768, इंचाला 49 ठिपके. शिवाय काळ्या पार्श्वभूमीवरची लाल-हिरवी बारीक अक्षरं बऱ्याच टीव्हींवर कडांना पसरतात, हेही त्यांनी शोधून काढलं. टीव्ही माळ्यावरच राहिला. मेव्हण्यांशी बोलणं तेवढं जरा कमी झालं.

मग नाना लॅमिंग्टन रोडला निघाले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून एकेक दुकान. विक्रेत्या पोरानं 144 हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर पुढे केला. नानांनी त्याला उभ्या उभ्या शिकवलं. "बाळा, माझी कँडल पाच मिनिटांची. मोबाइल ॲपवरचे भाव सेकंदाला दोन-चारदा हलले तरी खूप. तुझी स्क्रीन सेकंदाला 144 वेळा तोच भाव मला दाखवणार. एकदा बघूनच पोटात गोळा येतो!" पोरगं गप्प. नंतर टीएन पॅनेल आलं. नाना खुर्चीत बसले, उठले, वाकले. टीएनचा रंग समोरून ठीक असतो, वरून-खालून पाहिलं की फिरतो. नाना नफ्यात बसलेले असतात, तोट्यात उभे राहतात. तेव्हा आयपीएसच हवा. चकचकीत पडदा नको, मॅट हवा, कारण हॉलची ट्यूबलाइट बरोबर पाठीमागे आहे. स्टँड वरखाली होणारा हवा, मान दुखते. शेवटी पडदा पूर्ण पांढरा करून त्यांनी एकही ठिपका मेलेला नाही ना, ते चष्मा कपाळावर चढवून तपासलं. "उद्या मी त्याला डोजी कँडल समजून सौदा करायचो!"

मॉनिटर सगळ्या बाबतीत उतरला. किंमत बजेटच्या आत. पोरानं बिलबुक काढलं आणि नाना म्हणाले, "अजून करेक्शन बाकी आहे."

इथे नानांचा खरा स्वभाव सुरू होतो. त्या मॉनिटरचा भाव ते रोज वहीत लिहितात. खाली रेघ मारून सपोर्ट काढलाय, वर रेझिस्टन्स. दिवाळीच्या सेलमध्ये भाव सपोर्टच्याही खाली गेला, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, घ्या आता." नाना म्हणाले, "ब्रेकडाउन झालाय, आणखी पडेल." दुसऱ्या दिवशी सेल संपला. नानांना वाईट वाटलं नाही. उलट अंदाज कुठे चुकला ते त्यांनी लाल पेनानं वहीत लिहून ठेवलं. मॉनिटरच्या खरेदीत इतका संयम, इतकी शिस्त, इतकी जोखमीची जाण! आणि त्याच आठवड्यात जिन्यात कुणीतरी कानात एका शेअरचं नाव सांगितलं, तर पाचपट मार्जिन घेऊन चाळीस हजारांचा सौदा चहा गार व्हायच्या आत. स्टॉपलॉस लावला होता, पण भाव जवळ आला तसा नानांनी तो खाली सरकवला. तीन-वीसला ब्रोकरच्या यंत्रणेनं सौदा आपणहून कापला आणि वर त्याचा आकार लावला.

काकूंनी वर्षाचं स्टेटमेंट काढून बेरीज केली. बाजाराला जे गेलं त्यात दोन मॉनिटर आले असते, एक आडवा आणि एक उभा.

वरच्या मजल्यावर एक जुने गृहस्थ राहतात. आयुष्य दलाल स्ट्रीटवर एका दलालाकडे गेलेलं. 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारात संगणक येईपर्यंत तिथे रिंगमध्ये उभं राहून, ओरडून, हातवारे करून सौदे व्हायचे. त्यांचा सेटअप म्हणजे एक पेन्सिल, एक वही आणि घसा. ते नानांना म्हणाले, "तेव्हाही लोक बुडायचेच की, स्क्रीनशिवाय." नानांनी एवढंच ऐकलं की तेव्हा स्क्रीन नव्हत्या, म्हणून लोक बुडायचे.

शेवटी मीच सेबीचा जुलै 2024 चा अभ्यास त्यांच्यासमोर ठेवला. 2022-23 मध्ये शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांपैकी सात जण तोट्यात. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत तर दहापैकी आठ. नानांनी चष्मा पुसून दोन्ही आकडे नीट वाचले. अकाउंट्सचा माणूस, आकड्याचा मान ठेवणार. बराच वेळ विचार करून म्हणाले, "त्या सातांकडे कितीची स्क्रीन होती, ते यात कुठे दिलंय?"

तर वाचकहो, तुम्हाला मॉनिटर घ्यायचा असेल तर नानांचा सल्ला डोळे झाकून घ्या. 24 इंच, फुल एचडी, आयपीएस, मॅट, वरखाली होणारा स्टँड; आणि निघण्यापूर्वी लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे का, ते बघून जा. या विषयात त्यांच्याइतका जाणकार अख्ख्या डोंबिवलीत नाही. शेअर कोणता घ्यावा, ते मात्र त्यांना विचारू नका.