नियोजित थीम पार्कजवळ शांत खोली मिळेल

पर्यटनाच्या परिभाषेत ‘थीम पार्क’ ही संज्ञा एकाच कल्पनेभोवती पाळणे, खाद्यगृहे आणि तिकीटखिडक्या रचून उभारलेल्या करमणुकीच्या वसाहतीला लावली जाते, तर ‘शांत फॅमिली हॉटेल’ ही संज्ञा अशा वसाहतीजवळ जे सापडत नाही, त्याला. वॉल्ट डिस्ने यांनी 1955 मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा कुंपणाबाहेरची जमीन त्यांच्या ताब्यात नसल्याने भोवती मोटेलांची आणि झगमगत्या पाट्यांची अशी दाटी झाली, की पुढे फ्लोरिडात दुसरा घाट घालताना त्यांनी अनोळखी नावांच्या कंपन्या पुढे करून 27,000 एकरांहून अधिक जमीन गुपचूप पदरात पाडून घेतली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्याने पार्काभोवतीच्या गजबजाटाचा हाच प्रश्न पुष्कळ स्वस्तात सोडवला आहे. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि कालांतराने या तालुक्यातील तोंडवळी-वायंगणीच्या सड्यावर ‘सी-वर्ल्ड’ नावाचा, सागरी जीवनावर आधारलेला भव्य पार्क योजण्यात आला. (सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार; मुंबईत बसून पाहिलेल्या नकाशावर ते पडीक दिसते, गावातून पाहिले तर त्यावर गुरे चरताना दिसतात.) प्रकल्पासाठी प्रथम 1,390 एकर जमीन सांगितली गेली, ग्रामस्थांनी घरे, आंबा-काजूच्या बागा आणि देवस्थाने पुढे करून विरोध केला, तेव्हा आकडा 350 एकरांवर आला. मालवणच्या मासळी बाजारात सुरमईचा भावही एवढा उतरत नाही. ज्यांच्या दारात अरबी समुद्र विनातिकीट उभा आहे, त्यांना काचेच्या टाकीतल्या समुद्राचे अप्रूप वाटले नाही, यात नवल नाही. पार्क कागदावरून सड्यावर उतरलेला नसल्याने त्याच्या शेजारची कोणतीही खोली आजमितीस जगातील सर्वांत शांत थीम-पार्क-सन्निध निवास ठरते.

याच तालुक्यातील तारकर्ली-देवबागेत मात्र असा पार्क बांधावाच लागला नाही. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीवर पॅरासेलिंग, जेट स्की आणि ‘बनाना राइड’, म्हणजे केळ्याच्या आकाराच्या फुगवलेल्या नळीवर बसवून शेवटी माणसांना पाण्यात उलटवण्याची सशुल्क सेवा, यांनी समुद्रालाच कामाला लावले आहे. येथील ‘न्याहारी निवास’, म्हणजे घरमालकाने स्वतःच्या घरातील खोल्या पाहुण्यांना देऊन पोटापाण्याची सोय करण्याची पद्धत, मुळात शांतच होती. तिच्या पाटीवरील ‘फक्त फॅमिलीसाठी’ या शब्दांचा अर्थ मालक आईवडील आणि दोन मुले असा करतो. घाटावरून येणारी फॅमिली त्याचा अर्थ दोन गाड्या, चौदा माणसे आणि एक ब्लूटूथ स्पीकर असा करते, आणि उतरल्या उतरल्या ‘इथे शांत आहे ना?’ असे विचारते. ‘तुमी येवच्या आधी शांतच होता,’ हे उत्तर मालकाच्या ओठांवर असते, परंतु सोलकढी वाढायची असल्याने तो ते गिळतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद होतात, तेव्हा तरी समाधान व्हावे. पण त्या दिवसांत समुद्र स्वतः गरजतो, आणि रात्री तो आवाज जरा कमी करता येईल का, अशी विचारणा होऊ शकते.

संपूर्ण शांततेचा हंगाम याच तालुक्यात आहे, पण तो कोणत्याही जाहिरातीत नाही. आचरे, वायंगणी, चिंदर अशा गावांत काही वर्षांच्या अंतराने ‘गावपळण’ होते, म्हणजे देवाचा कौल घेऊन सारा गाव गुराढोरांसह, कुत्र्या-कोंबड्यांसह तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. त्या रात्री गावात कोंबडा आरवत नाही, स्पीकर वाजत नाही, उंबऱ्याशी चप्पल दिसत नाही. खोल्या रिकाम्या असतात, परंतु त्यांची किल्ली देणारा मालकही वेशीबाहेरच्या झोपडीत असतो, आणि तेथे भजने व गजाली, म्हणजे मालवणी माणसाच्या न संपणाऱ्या गप्पा, उशिरापर्यंत चाललेल्या असतात.