तीन दिवसांचा कोर्स

आमच्या छत्रपती संभाजीनगरात ताप दोन तऱ्हेचा असतो. एक अंगावर काढायचा आणि दुसरा मेडिकलवर काढायचा. डॉक्टर हा तिसरा मार्ग आहे, पण तो हे दोन्ही थकल्यावर. मेडिकलं मात्र पावलापावलावर. घाटी म्हणजे आमचा सरकारी दवाखाना. त्याच्यासमोर तर मेडिकलांची ओळच आहे. तिथून निघून तुम्ही टीव्ही सेंटरला जा, गारखेड्याला जा, गुलमंडीत जा, हिरवा फलक आणि काचेच्या काउंटरमागचा भाऊ तुमची वाट पाहतच असतो.

“भाऊ, घसा धरलाय. दोन गोळ्या द्या बरं, भारीतल्या.”

“ॲझी देऊ?”

“पाचशेची?”

“हौ.”

सल्ला संपला. फी नाही, नंबर लावणं नाही, जीभ बाहेर काढणं नाही. आता कात्री येते. पाचाच्या पानातून दोन गोळ्या कापायच्या, हे काम हा भाऊ इतक्या सफाईने करतो की औषधाचं नाव दुकानात राहतं आणि आपल्या वाट्याला ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ एवढंच येतं. मुदत कधी संपते ते तिसऱ्याच गिऱ्हाइकाच्या खिशात गेलेलं असतं. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीम काढून लोकांना सांगितलं, की पानाच्या कडेला उभी तांबडी रेघ असली तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. चांगली कल्पना होती. पण ती रेघ पाहून आमच्याकडे निम्म्या लोकांना वाटतं, इथून कापायचं.

या ॲझीचं पूर्ण नाव ॲझिथ्रोमायसिन. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आग्नेय आशिया आवृत्तीत २०२२ मध्ये एक अभ्यास आला होता. २०१९ साली भारताच्या खासगी औषधबाजारात कोणतं प्रतिजैविक किती खपलं याचा तो हिशेब. सगळ्यांत पुढे होती ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. हे कळायला आम्हाला लान्सेट लागलं नसतं, पण आकड्याने शिक्का बसला की बरं वाटतं. आणि हे करोनाच्या आधीचं. करोनात तर ॲझी घराघरात किराण्यासारखी भरून ठेवली गेली. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीने २०२० च्या डिसेंबरात सांगितलं, की दवाखान्यात भरती झालेल्या करोनाच्या रोग्यांना तिचा काही उपयोग होत नाही. मग आमच्या डब्यांत उरलेल्या गोळ्या पुढच्या दोन हिवाळ्यांच्या सर्दीला पुरल्या. सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूची. दोघांची गाठच पडत नाही. सर्दी आपल्या पावलांनी जाते आणि श्रेय गोळीला मिळतं.

आता गंमत अशी, की या ॲझीला मागे टाकायला निघालेलं औषध जन्मलं कुठे, तर आमच्याच शहरात. जालना रोडने विमानतळाकडे निघालं की चिकलठाणा एमआयडीसी लागते. रोज हजारो माणसं तिथून जातात आणि बहुतेकांचं लक्ष सिग्नलकडे असतं. तिथे वोक्हार्ट या औषधकंपनीचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेल्या एका रेणूला आधी डब्ल्यूसीके ४८७३ असा नंबर मिळाला, पुढे नॅफिथ्रोमायसिन हे शास्त्रीय नाव मिळालं आणि बाजारासाठी मिक्नाफ. एका वस्तूला इतकी नावं कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर अशी नावं लागलेल्या गावाला त्याचं काही वाटत नाही. पत्त्यावर जुनं नाव असलं तरी पत्र पोहोचतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी दिल्लीत या औषधाचं अनावरण केलं. १४ वर्षांचं संशोधन, ५०० कोटी रुपये खर्च, भारतासह अमेरिकेत आणि युरोपात चाचण्या, आणि ‘देशातलं पहिलं स्वदेशी प्रतिजैविक’ असा मान. याच केंद्राच्या लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला २०२० मध्येच मान्यता मिळालेली होती, तेव्हा पहिलं कुणाला म्हणायचं हा वाद ज्याचा त्याने सोडवावा. ॲझीपेक्षा दहापट प्रभावी, असंही सरकारी पत्रकात होतं. पत्रकातल्या विशेषणांतून मी आधी थोडी वजावट करतो, मग विश्वास ठेवतो. पण वजावट करूनही बरंच उरतं. या १४ वर्षांच्या काळातच, २०१३ मध्ये, याच कंपनीच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या औषधांना अमेरिकेच्या एफडीएने देशाचं दार बंद केलं होतं. एका दारावर अशी नोटीस लागलेली असताना शेजारच्या इमारतीत कुणीतरी रेणूला एक फांदी जोडत होतं, एक काढत होतं, हे चित्र मला त्या पत्रकापेक्षा जास्त खरं वाटतं.

औषध आहे न्यूमोनियाचं, म्हणजे दवाखान्याबाहेर वावरताना होणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियाचं. आणि त्याचा डोस: दिवसातून एकदा, तीन दिवस. बस्स.

हे वाचलं आणि मला शास्त्रज्ञांबद्दल एकदम आपुलकी वाटली. दिवसातून एकदा! ज्या शहरात नळाचं पाणी कित्येक दिवसांनी एकदा येतं आणि ते आलं की माणसं पहाटे तीनला मोटर लावायला उठतात, त्या शहरातला शास्त्रज्ञच सर्वसामान्यांची सोय अशी ओळखू शकतो. आणि तीन दिवस! पाच दिवसांचा कोर्स दिला तर तिसऱ्या दिवशी सोडणारा माणूस हा आमचा ठरलेला रोगी. पहिल्या दिवशी तो ताप मोजतो, दुसऱ्या दिवशी त्याला भूक लागते, तिसऱ्या दिवशी तो दुचाकी काढून पानटपरीवर दिसतो. उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात जातात, पुढे आत्याच्या घशाला उपयोगी पडतील म्हणून. या माणसाला सुधारण्यात पन्नास वर्षं गेली. अखेर रसायनशास्त्राने हात टेकले आणि औषधच त्याच्या मापाचं शिवलं.

आमच्या शेजारच्या काकांना मी हे सांगितलं. काका जिल्हा परिषदेतून निवृत्त, रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला येतात आणि चालण्यापेक्षा थांबतात जास्त. ते थांबले.

“म्हंजे तीन दिवसांत सोडली तं चालतंय?”

“काका, हे औषध तीन दिवसांचंच आहे.”

“मग मी काय करायलोय चाळीस वर्षांपासून? त्यांना आत्ता कळालं का?”

काकांना चूप बसवणारा पुरावा माझ्याकडे नव्हता. असलेला पुरावा तर त्यांच्याच बाजूला झुकणारा होता. २०१७ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात मार्टिन लुएलिन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की कोर्स अर्धवट सोडला म्हणून जिवाणू निगरगट्ट होतात या समजुतीला फारसा आधार नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्यानेच ते होण्याची शक्यता अधिक. त्यानंतर २०२१ मध्ये फ्रान्समधली एक चाचणी लान्सेटमध्ये आली. न्यूमोनियाने दवाखान्यात भरती झालेले ३१० रोगी. तीन दिवस सगळ्यांना औषध. मग अर्ध्यांना आणखी पाच दिवस खरी गोळी आणि अर्ध्यांना पाच दिवस बिनऔषधाची, हुबेहूब तशीच दिसणारी. पंधराव्या दिवशी पाहिलं तर तीन दिवसवाले आठ दिवसवाल्यांच्या मागे नव्हते. पाच दिवस श्रद्धेने गिळलेल्या त्या खोट्या गोळ्यांचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्याकडे निदान खऱ्या तरी गिळतात.

मग सात दिवस, दहा दिवस, चौदा दिवस हे आकडे आले कुठून? ब्रॅड स्पेलबर्ग नावाचे एक अमेरिकन डॉक्टर गमतीने म्हणतात, की आपण औषध कॉन्स्टंटाइनच्या मापाने मोजतो. या रोमन सम्राटाने इसवी सन ३२१ मध्ये सात दिवसांच्या आठवड्यात रविवारची सुट्टी कायद्याने ठरवली, आणि तेव्हापासून डॉक्टर एक आठवडा नाहीतर दोन आठवडे लिहितात. सम्राटाने नऊ दिवसांचा आठवडा केला असता तर आपण नऊ गोळ्या घेतल्या असत्या. हे काकांना सांगायचं मी टाळलं.

कारण त्या फ्रेंच चाचणीत एक अट होती, आणि तीच खरी गोम आहे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, श्वास ठीक, नाडी ठीक, असं डॉक्टरांनी तपासून ठरवलेल्या रोग्यांनाच त्या चाचणीत घेतलं होतं. काकांचं तपासणं म्हणजे खिचडी गोड लागली का, एवढंच. शिवाय काकांनी पहिल्या दिवशी गोळी घेतली ती न्यूमोनियावर नव्हे, लग्नातल्या आइस्क्रीमवर. टीबीवाल्याने तर हे काही ऐकूच नये, त्याचे महिने महिनेच असतात.

काकांसारखा माणूस नवा नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या डिसेंबरात नोबेल स्वीकारताना जे भाषण केलं त्यात तो भेटतो. फ्लेमिंगने त्याचं नाव क्ष ठेवलं होतं. क्ष साहेबांचा घसा दुखतो, ते दुकानातून पेनिसिलिन आणतात आणि थोडंसंच घेतात. जंतू मरत नाहीत, पण त्यांची शिकवणी मात्र होते. मग ते शिकलेसवरलेले जंतू साहेब बाईसाहेबांना देतात, त्यांना न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन हात टेकतं. बाई दगावतात. औषध सरसकट दुकानात मिळायच्याही आधी फ्लेमिंगने आमच्या औरंगपुऱ्यातलं काउंटर पाहिलं होतं असं वाटावं, इतकी ती गोष्ट आपली आहे.

जंतूंची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. ॲझी ज्या घराण्यातली, त्याचा मूळ पुरुष एरिथ्रोमायसिन. तो फिलिपिन्समधल्या मातीच्या एका नमुन्यात सापडला आणि १९५२ मध्ये बाजारात आला. म्हणजे मातीतल्या सूक्ष्मजीवांनी आपापसातल्या भांडणासाठी बनवलेलं हे हत्यार, आपण ते उचलून आपल्या घशात घातलं. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं जुळवणारं रायबोसोम नावाचं यंत्र असतं आणि तयार होणारं प्रथिन एका बोगद्यातून बाहेर पडतं. हे औषध तो बोगदाच अडवून बसतं. जिवाणू काय करतो, तर औषध जिथे टेकतं तिथेच एक बारीकसा रासायनिक गट चिकटवतो. औषधाची पकड सुटते, काम पूर्ववत. नॅफिथ्रोमायसिनची जात अशी, की ती दोन ठिकाणी धरते. एक हात सुटला तरी दुसरा असतो. त्या दुसऱ्या हातासाठी १४ वर्षं.

आणि इतकं करून जिवाणू गप्प बसतात असं नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा लान्सेटमधला अंदाज आहे. मग कंपन्या नवी प्रतिजैविकं धडाधड का काढत नाहीत? कारण हा जगातला सर्वांत विचित्र धंदा आहे. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, ही तीन दिवस. वर डॉक्टर सांगणार, नवी आहे ना, मग वापरू नका, जपून ठेवा. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीला २०१८ मध्ये नव्या प्रतिजैविकाची मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये तिने दिवाळं काढलं. नोव्हार्टिससारख्या धनदांडग्यांनीही २०१८ मध्ये या संशोधनातून अंग काढून घेतलं. चिकलठाण्यात मात्र लोक अजून बसले आहेत. त्यांचं झायनिच नावाचं आणखी एक प्रतिजैविक तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेलं.

पैठण आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, म्हणून हे जपून ठेवणं आम्हाला तरी समजायला हवं. पैठणी रोज नेसत नाहीत. ती मलमलीत गुंडाळून ट्रंकेत असते, घरातलं लग्न आलं की निघते आणि पुन्हा आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन ढीग केले: नेहमीची, नजरेखालची आणि ठेवणीतली. ॲझीचं नाव नजरेखालच्या ढिगात आहे. आपण तिचा गाऊन केला. सकाळी दूध आणायलाही तीच आणि संध्याकाळी भाजीलाही तीच.

काकांच्या कानावर बाकी हे सगळं घातलं तेव्हा ते विद्यापीठाच्या गेटजवळ पुन्हा थांबले. चेहरा गंभीर. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी विचारलं, “पण ती नवी गोळी आपल्या चिकलठाण्याची आहे म्हंतो ना तू?”

“हो, काका. शोध तिथलाच.”

“मग आपल्या गावची चीज असताना मी दुसरीकडची का घेऊ? आज घसा जरा खवखवायलाच लागलाय.”

“काका, ती न्यूमोनियाची आहे.”

“मग काय निमोनिया व्हायची वाट पाहू का?” काका म्हणाले, आणि चहाच्या टपरीकडे वळले.