घुमटकाका

लंडनच्या मराठी मंडळींत दर उन्हाळ्याला एखादे तरी घुमटकाका उतरतात. मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले, बांधकाम खात्यातून निवृत्त, गाव बहुधा सोलापूर. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात (स्थापना १९३२) नाटकाला न्यावं, तर पडदा उघडेपर्यंत त्यांनी छत वाचून संपवलेलं असतं.

राजवाडा, पूल, लंडन आय दाखवून मुलाची रजा संपली, की काकांचं खरं हिंडणं सुरू होतं. हॅकनी भागात तुर्की वस्ती मोठी. तिथे किंग्जलंड रोडवर १९९९ साली उघडलेली सुलेमानिये मशीद आहे. नाव इस्तंबूलच्या शाही मशिदीचं, आकार लंडनच्या जागेच्या भावात बसेल तेवढा. १४९ नंबरच्या बसमधून उतरताच काका एक डोळा मिटतात, अंगठा पुढे धरतात आणि मिनार ओळंब्यात आहे का ते बघतात. असतो. काका किंचित नाराज होतात.

मग शेजारी जो असेल त्याला प्रश्न : “वजन कुठं जातंय, सांगा बघू?”

तुम्ही ‘खाली’ म्हणालात की फसलात. “खाली तर सगळंच जातंय की! घुमट बाहेर ढकलतो हो. भिंती फाकवतो. त्याला कोण धरणार?” आणि बसथांब्यावर मिमार सिनान अवतरतो. सुलतान सुलेमानचा मुख्य स्थापती. इस्तंबूलची सुलेमानिये त्यानं १५५० ते १५५७ या काळात उभी केली. मधला घुमट जमिनीपासून सुमारे ५३ मीटर उंच, चार दांडग्या खांबांवर. पुढून-मागून दोन अर्धघुमट त्याला रेटून धरतात, त्यांच्या खाली आणखी लहान घुमट, आणि बाजूच्या टेकूच्या भिंती सज्जांआड अशा दडवलेल्या, की टेकू आहे हेच कळू नये. “एकत्र कुटुंब आहे हे,” काका म्हणतात. “थोरल्याचं ओझं मधल्यावर, मधल्याचं धाकट्यावर. बाहेरच्याला वाटतं, सगळं आपोआप चाललंय.” शनिवार असला तर सोबत मुलगा असतो. तो या वाक्याला फोनमध्ये बघतो.

इथवर काका निर्दोष. पुढे विजापूर येतं.

शाळेच्या सहलीत पाहिलेला गोल घुमट त्यांच्या डोक्यातून उतरलेलाच नाही. १६५६चा, आतून सुमारे ३८ मीटर रुंद, मधे एक खांब नाही. सिनानची एडिर्नेची सेलिमिये मशीद ३१, सेंट पॉल ३४. कुजबुज सज्जा सेंट पॉलला आहे तसा विजापूरलाही आहे, आणि सोलापूरहून सकाळी निघालं तर रात्री घरी जेवायला येता येतं. रोमचं नाव निघालं, की मात्र काकांना एकदम चहाची तल्लफ येते. तिथले दोन घुमट ४० मीटरच्या वर आहेत.

हुकमाचा पत्ता ते शेवटी काढतात. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा ऑटोमन सुलतान मुरादचा मुलगा, असं फरिश्ता या जुन्या तवारीखकारानं लिहून ठेवलंय. “म्हणजे बघा, इस्तंबूल आपल्या घरचंच!” इतिहासकार ही कथा मानत नाहीत. काका इतिहासकारांना मानत नाहीत.

माझ्या मते व्यासाच्या या शर्यतीत सिनानचं खरं काम दिसतच नाही. विजापूरला भिंतीच तीन-तीन मीटर जाड, त्यामुळे आत अंधार. सिनाननं भार खांबांवर नेला आणि मोकळ्या झालेल्या भिंतींना खिडक्याच खिडक्या दिल्या. काकांना हे ठाऊक आहे. फारच खोदून विचारलं तर म्हणतात, “उजेड त्यानं आणला, मान्य.” एवढंच.

सिनानवर त्यांचा जीव जडण्याचं दुसरं कारण खात्याचं आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी काकांना हार-नारळ देऊन घरी बसवलं. सिनान जवळपास पन्नाशीत मुख्य स्थापती झाला आणि सेलिमिये बांधली ती ऐंशीच्या घरात.

घरीही सिनान सुटत नाही. सूनबाईंनी फोडणी दिली, की धुराचा अलार्म केकाटतो. सून टॉवेल हलवते, मुलगा खिडकी उघडतो आणि काका सोफ्यावरूनच सांगतात, की सुलेमानियेत हजारो दिव्यांची काजळी हवेच्या झोतानं दारावरच्या खोलीत ओढून घेत आणि तिची शाई करत. १५५७ साली! तोवर जिरं करपलेलं असतं.

स्टोक न्यूइंग्टन रोडवरची अझिझिये मशीद मात्र त्यांना गप्प करते. निळ्या फरशांनी मढवलेली ती इमारत १९१३ साली सिनेमागृह म्हणून बांधलेली, १९८३ पासून मशीद. तिच्या माथ्यावरचे घुमट सिनेमाच्या काळापासूनच होते, निव्वळ शोभेचे. वजन कुठं जातंय, हा प्रश्नच तिथे उरत नाही. काका दोन मिनिटं बघतात आणि शेजारच्या तुर्की दुकानात वांगी निवडायला जातात.

लंडनमध्ये घुमट बघायचे असतील, तर असे एक काका गाठून बरोबर न्या. गाईडपेक्षा बरे पडतात. फक्त नमाजाच्या वेळा आधी बघून ठेवा, आणि मोजे धड असलेले घाला.