निजलेलं पोटकलम

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही परभणीकर अशा थाटात फेकतो, की पुढच्याची पुरावा मागायची छाती होत नाही. पण पुरावा आहे, आणि तो वाहतुकीच्या कायद्यात आहे.

बर्लिनच्या एका हमरस्त्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये दोघांनी मध्यरात्री गाड्यांची शर्यत लावली. लाल सिग्नल तोडत गेले आणि ६९ वर्षांच्या एका माणसाचा जीव घेतला. कोर्टानं दोघांनाही सरळ खुनी ठरवलं. अपिलं झाली, निकाल फिरला, पुन्हा लागला. २०२० मध्ये सर्वोच्च पायरीवर एकाचा खुनाचा गुन्हा कायम झाला. दरम्यान २०१७ मध्येच तिथं नवा कायदा आला: बेकायदा शर्यतीत कुणी मेला किंवा गंभीर जखमी झाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद.

आपल्याकडेही दहाच! भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (२) वाचा. बेदरकार गाडी हाकून माणूस मारला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत. फरक एवढाच की आपलं पोटकलम अजून निजलेलं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पंपांवर रांगा लागल्या आणि २ तारखेला केंद्रीय गृहसचिवांनी शब्द दिला, तुमच्याशी बोलल्याशिवाय लागू करत नाही. १ जुलै २०२४ ला सगळी संहिता लागू झाली, हे एक पोटकलम वगळून.

ड्रायव्हर मंडळींचं म्हणणं असं, "थांबलो तर लोकायनं जित्तं सोडलं अस्तं का?" प्रश्न खोटा नाही. म्हणून जमावाला आवरायचं सोडून कलमालाच अंगाई गायली. बोलणी करायची तर रस्त्यात आडव्या पडलेल्याशीही करावी लागतील, पण त्याची संघटना नाही.

जागी असलेली कलमं पाहा. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात, तर दंड १० हजार. बेदरकारपणे एखाद्याचा पाय कायमचा निकामी केलात, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि दंडाची कमाल मर्यादा? तीही १० हजारच. पूर्वी ती हजार रुपये होती, म्हणजे पायाचा भाव दहापट वाढला. सोयाबीनवाल्यांनी हेवा करावा! अल्पवयीन पोरानं गाडी हाकताना गुन्हा केला, तर पालकाला मात्र २५ हजार आणि तीन वर्षांपर्यंत कैद. यातले वाहतूक कायद्याचे वाढीव दंड आपल्या राज्यानं २०१९ मध्ये फार जड वाटतात म्हणून रोखून धरले होते. पुण्यात मे २०२४ मध्ये अल्पवयीन पोराच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण गेल्यावर बाल न्याय मंडळानं त्याला ३०० शब्दांचा निबंध सांगितला. तोही काहींना जड वाटला असेल.

आता गळीत हंगाम सुरू झाला की गंगाखेड रस्त्यावर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा डुलत निघतात. ड्रायव्हरच्या कानात डीजे. मागून येणारा दुचाकीवाला घुसलाच, तर त्याच्या नावावर 'अतिवेग' लिहिता येतो. ट्रॉली कुणाची, कारखान्याची की मुकादमाची, हे ठरेपर्यंत साखरेची पोती भरून, विकून, पैसे वाटून होतात. दहा वर्षांच्या शिक्षेला जागं करण्याआधी कुणी त्या ट्रॉलीमागं एक लाल दिवा लावला, तर त्याला दंड नाही. खात्री करून घेतलीय.