‘प्रोग्रॅम’ नावाचा इसम

संगणक सुरू करून चहा टाकला, चहा पिऊन कप विसळला, तरी पडद्यावरचं निळं चक्र गरगरतच राहिलं, की शांत स्वभावाचा माणूसही गुप्तहेर होतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, त्यात ‘स्टार्टअप’ची वेगळी यादी असते. संगणकाला जाग येताच त्याच्यासोबत कोणकोण उठून बसतं, ते तिथे कळतं.

माझ्या यादीत एक नाव होतं ‘प्रोग्रॅम’. नुसतंच ‘प्रोग्रॅम’. चिन्ह कोरं, प्रकाशकाचा रकाना रिकामा. पोलिसांनी नाव विचारल्यावर ‘माणूस’ असं सांगणाऱ्या इसमावर संशय घ्यायचा नाही, तर कुणावर घ्यायचा? (खरा लबाड असलं नाव कधीच घेणार नाही. तो ‘एसव्हीसीहोस्ट’ या अधिकृत नावातलं एखादं अक्षर गाळून गर्दीत मिसळेल. तिथे गर्दीही भरपूर. पूर्वी विंडोजच्या पुष्कळ सेवा एकेका एसव्हीसीहोस्टमध्ये एकत्र नांदत. २०१७ पासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम दिसली की बहुतेकजणी वेगळी चूल मांडतात.) पण हे सुचायला डोकं थंड लागतं.

रकान्यांच्या मथळ्यावर राइट-क्लिक करून ‘कमांड लाइन’ दाखवायला सांगितलं, आणि इसमाची कुळकथा उलगडली. एका प्रिंटरचं सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलेलं. रजिस्ट्रीतली नोंद तेवढी मागे राहिलेली. पत्ता ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमधला, पण अवतरणचिन्हांविना लिहिलेला. त्यामुळे वाचणारा दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेपाशीच थांबला आणि अर्ध्या पत्त्यालाच नाव समजून बसला. म्हणजे हा इसम मुळात अस्तित्वातच नव्हता. त्यानं माझा वेळ कसला खायचा?

खाणारे वेगळेच होते. सुरू होताना सीपीयूचा एका सेकंदाहून जास्त वेळ घेतला, किंवा डिस्कवर तीन एमबीहून जास्त वाचन-लेखन केलं, की टास्क मॅनेजर ‘हाय’ असा शेरा मारतो. हा शेरा मिळवणारे सगळे ओळखीचे निघाले. एक गाणी ऐकवणारा. एक मीटिंगवाला, ज्याच्याकडे टाळेबंदी उठल्यापासून कुणी फिरकलेलं नाही. आणि एक, ज्याचं आयुष्यातलं एकमेव काम म्हणजे बाकीच्यांची नवी आवृत्ती आली का ते बघणं. तिघांचीही चिन्हं सुबक, नावं घरंदाज.

मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी लिहिलेलं ‘ऑटोरन्स’ चालवलं, तर टास्क मॅनेजरची स्टार्टअप यादी ज्यांची वाच्यता करत नाही असे ड्रायव्हर, सेवा आणि ठरल्या वेळी उठणारी कामंही दिसतात. फाइलच नसलेल्या नोंदी तिथे पिवळ्या रंगात येतात. बिचाऱ्या ‘प्रोग्रॅम’ची नोंद तिथून एका फटक्यात पुसली गेली, त्यानं हूं की चूं केलं नाही.

घरंदाज तिघांना ‘डिसेबल’ केलं. मीटिंगवाला पुढच्याच अपडेटबरोबर पुन्हा ‘एनेबल’ झाला, प्रकाशकाच्या रकान्यासकट सगळी कागदपत्रं चोख.